अपॉफिलाइट म्हणायचं कसं: खनिजांची जडजंबाल नावं तोडायची आणि बोलायची पद्धत

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला जिऑलॉजीच्या तोंडी परीक्षेत माझ्यासमोर एक दगड ठेवला होता, काचेसारखा पारदर्शक, चौकोनी खांबासारखा आणि वर पिरॅमिडसारखं टोक, आणि मी तो बघताक्षणी ओळखला कारण पुण्याच्या आसपासच्या दगडखाणीत हाच तर निघतो. छाती फुगवून म्हणालो, "सर, ॲपोफायलाईट." बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "काय?" मी परत तेच. त्यांनी परत, "काय म्हणालास?" तिसऱ्यांदा विचारल्यावर माझी अशी खात्री पटली की दगडच चुकीचा ओळखलाय, म्हणून घाईघाईत "कॅल्साइट, सर" करून मोकळा झालो. गेले मार्क. बाहेर आल्यावर मित्र म्हणाला, अरे येड्या दगड बरोबर होता, तुझं फाय चुकलं.

तेव्हापासून मला या नावांचा नादच लागला म्हणा ना. आणि माझ्या लक्षात असं आलं की आपल्याकडे ही नावं चुकतात त्याचं कारण इंग्रजी कच्चं असणं हे नाहीये. कारण असं की आपण नाव एकदाच तोडतो आणि त्याच तुकड्यांवर अर्थही लावायला जातो आणि उच्चारही करायला जातो. पण अर्थाचे तुकडे वेगळे पडतात आणि तोंडातले तुकडे वेगळे पडतात. हे एकदा डोक्यात शिरलं की बाकी सगळं सोपं आहे.

आपण मराठीत हे रोज करतो, फक्त लक्ष नसतं. सूर्योदय घ्या. अर्थ विचारला तर शाळेतला पोरगाही सांगेल सूर्य अधिक उदय. पण बोलताना कोणी "सूर्य-उदय" म्हणतं का? बोलताना सूर्-यो-दय. "यो" मध्ये अर्धा सूर्य आहे आणि अर्धा उदय आहे, त्याला स्वतःचा अर्थ काहीच नाही. संधीविग्रह एकीकडे, उच्चार दुसरीकडे. खनिजाच्या नावाचं अगदी हेच असतं.

आता आपला पेशंट टेबलावर घेऊ. संग्राहकांच्या लेबलवर आजकाल पूर्ण नाव असं लिहिलेलं असतं: फ्लोरअपॉफिलाइट-(के). शेवटचा कंसही नावाचाच भाग आहे, छपाईची चूक नाही. घाबरू नका, हे रेल्वेच्या डब्यांसारखं आहे, एकेक डबा सोडवत जायचं, आणि सोडवायचं ते उजवीकडून.

सगळ्यात शेवटचा डबा (के). हे पोटॅशियमचं चिन्ह, लॅटिन कॅलियम वरून आलेलं. शेतीवाल्या घरातल्या माणसाला तर हे वेगळं सांगायलाच नको, खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश लिहिलेलं असतं ना, एन पी के, त्यातला हा के म्हणजे पालाश. या कुळात सोडियमवालाही भाऊ आहे म्हणून कोणता ते शेपटीला लिहावं लागतं. बोलताना सरळ थोडं थांबून "के" म्हणायचं, कंस वगैरे बोलायचा नाही.

मग "-आइट". ग्रीकमधून आलेला प्रत्यय, "अमुकशी संबंधित" एवढाच त्याचा अर्थ, आणि दगडांच्या नावाला तो आपल्याकडच्या आडनावाच्या "-कर" सारखा चिकटतो. सातारकर, नगरकर, तसं कॅल्साइट, ग्रॅफाइट. तो काढला की उरतं फ्लोर-अपो-फिल.

"फिल" पाशी माझे मार्क गेले होते म्हणून इथे जरा रेंगाळतो. ग्रीकमध्ये फिलॉन म्हणजे पान, झाडाचं पान. आणि हा शब्द आपल्या सगळ्यांना सातवी-आठवीपासून माहितीये, क्लोरोफिल! हरितद्रव्य. आपण कधी "क्लोरोफाईल" म्हणतो का? नाही ना. तिथे जे फिल तेच इथे फिल. स्पेलिंगमधला वाय बघून जीभ आपोआप "फाय" कडे वळते, कारण फाईल, स्टाईल, सायकल हे शब्द रोजचे झालेत. तर ज्याला ज्याला हा गोंधळ होतो त्याने मनात आधी क्लोरोफिल म्हणायचं आणि मग अपॉफिलाइट. मी आजही म्हणतो, खोटं कशाला बोलू.

आता "अपो". म्हणजे दूर, सुटून, बाजूला. इथे तर आपण घरच्या मैदानावर आहोत, कारण ग्रीकमधलं अपो आणि संस्कृतमधला अप हा उपसर्ग हे एकाच मुळाचे, सख्खे भाऊ. अपहरण, अपवाद, अपव्यय यातला अप. भूगोलात चंद्र पृथ्वीपासून सगळ्यात लांब असतो त्या बिंदूला आपण अपभू म्हणतो आणि इंग्रजीत ॲपोजी, दोन्हीकडे तोच उपसर्ग. म्हणजे अपो-फिल-आइट चं शब्दशः मराठी केलं तर "पानापानाने सुटणारा". (अपर्णा या नावात मात्र हा अप नाही हं, ते अ-पर्णा आहे, पार्वतीने तपात पानं खाणंसुद्धा सोडलं म्हणून. मी एकदा ऐटीत हे जोडायला गेलो होतो आणि घरच्याच संस्कृतवाल्या आत्याने कान उपटले.)

पानापानाने सुटणारा का, तर फ्रेंच खनिजतज्ज्ञ रने जुस्त आयुई यांनी १८०६ साली हे नाव ठेवलं ते या दगडाला तापवल्यावर काय होतं ते बघून. आमच्या लॅबमध्ये मॅडमनी करून दाखवलं होतं. बारीकशी कपची, हरभऱ्याच्या डाळीपेक्षाही लहान, काचेच्या बंद नळीत टाकली आणि खाली ज्योत धरली. थोडा वेळ काहीच नाही. मग तो काचेसारखा तुकडा एकदम दुधट झाला आणि त्याचे पापुद्रे सुटायला लागले, शिळ्या खारीचे सुटतात ना तसे, आणि नळीच्या वरच्या गार भागात आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले. दगडातून पाणी! या खनिजाच्या रचनेतच पाणी असतं, उष्णतेने ते बाहेर पडतं आणि जाताना थर उकलून जातं. घरी गॅसवर हा प्रयोग करू नका, कपची उडते आणि आत फ्लोरीनही असतं. पण ज्याने हे एकदा पाहिलंय तो "अपो-फिल" कधी विसरत नाही.

राहिला पहिला डबा, "फ्लोर". फ्लोरीनचा. मूळ लॅटिन क्रियापद "वाहणं" या अर्थाचं, कारण फ्लोराइट नावाचा दगड पूर्वी भट्टीत धातू लवकर वितळून वाहावा म्हणून टाकत आणि त्या दगडावरून मूलद्रव्याचं नाव आलं. इथे एक बारकी गंमत आहे, फ्लोर पुढे अपो जोडलं की फ्लोरचा र सुटून पुढच्या अ वर जाऊन बसतो. निर् अधिक अंतर, निरंतर, बोलताना नि-रं-तर. डिट्टो तेच. म्हणून तोंडात येतं फ्लो-र-पॉ-फि-लाइट आणि त्यातला "र" धड फ्लोरीनचा नाही की धड अपोचा नाही.

इतकं झाल्यावर अर्थाचा हिशोब संपला: फ्लोरीनवाला, पानापानाने सुटणारा, पालाशचा दगड. आता अर्थ बाजूला ठेवायचा. खरंच ठेवायचा, कारण उच्चार करताना तो मधे मधे येऊन घाण करतो.

आता तोंडाचे तुकडे

सिलॅबल मोजायचे म्हणजे अक्षरं मोजायची नाहीत, हनुवटी मोजायची. हाताची पालथी बाजू हनुवटीखाली धरा आणि सावकाश शब्द म्हणा, जितक्या वेळा हनुवटी खाली येऊन हाताला लागेल तितके सिलॅबल. साधा अपॉफिलाइट घ्या: अ, पॉ, फि, लाइट. चार.

इथे बहुतेक मराठी माणसाचे पाच होतात. कारण शेवटचं "लाइट" आपण एका झटक्यात बोलत नाही. "लाईट गेली" म्हणताना आपण ला-ईट म्हणतो, दोन ठोके, आणि ई पण दीर्घ. महावितरणच्या लाईटला ते चालतं, इथे नाही. इथे ला वरून इ कडे नुसतं घसरायचं, "ऐ" म्हणताना तोंड कसं उघडून मिटतं तसं. मी म्हणून हे लिहिताना "लाइट" असं ऱ्हस्व लिहितो, डोळ्यालाच आठवण राहते.

दुसरी सवय म्हणजे जोडाक्षराची. स्पेलिंगमध्ये दोन एल दिसले की आपण "फिल्लाइट" करतो, कारण मराठीत कला आणि कल्ला हे दोन वेगळे शब्द आहेत, तिथे द्वित्त ऐकू आलंच पाहिजे. इंग्रजीत दोन एल असोत की एक, आवाज एकाचाच. दुसरा एल नुसता स्पेलिंगमध्ये बसून राहतो, लग्नात आलेल्या पण जेवायला न बसलेल्या पाहुण्यासारखा.

आणि बघा, अर्थाने तोडलं तेव्हा अपो | फिल | आइट होतं, तोंडाने तोडलं तेव्हा अ | पॉ | फि | लाइट. अपो आणि फिल मधला एक काप सोडला तर बाकी काही एकमेकांवर बसत नाही. अपोचे दोन तुकडे झाले, फिलचा ल उडी मारून आइटवर गेला. सूर्योदयासारखंच.

जोर कुठे द्यायचा

हा भाग आपल्याला सगळ्यात जड जातो कारण मराठीत जोरामुळे शब्दाचा अर्थ बदलत नाही. आपण लघु-गुरू मोजतो, यमाताराजभानसलगं पाठ करतो, पण गुरू म्हणजे लांबी, आघात नव्हे. मराठीत "पुस्तक" कुठेही जोर देऊन म्हणा, समोरच्याला पुस्तकच कळतं, फार तर तो म्हणेल हा कोल्हापूरचा दिसतोय. इंग्रजी कानाला मात्र आधी जोर ऐकू येतो आणि मग अक्षरं. जोर चुकला की तो शब्दच ओळखत नाही. माझ्या परीक्षकांचं थोडं तसंही झालं असणार, बाहेरगावी शिकून आलेले होते.

तर नियम. तीन किंवा जास्त सिलॅबल असलेल्या "-आइट" वाल्या नावात उजवीकडून मोजायचं, आणि तिसऱ्या सिलॅबलवर जोर. लाइट एक, फि दोन, पॉ तीन. म्हणून अ-पॉऽ-फि-लाइट. कोणी कोणी जोर फि वर देऊन ॲ-प-फिऽ-लाइट असंही म्हणतात, त्यांच्याशी भांडायला जाऊ नका, पण शिकायचंच असेल तर पॉ वालं शिका कारण तो नियम बाकीच्या शेकडो नावांना उपयोगी पडतो. "फाय" मात्र कुठेच नाही.

जोर देणं म्हणजे ओरडणं नाही. तीन गोष्टी एकदम होतात, आवाज किंचित चढतो, स्वर किंचित लांबतो आणि बाकीची सिलॅबल बारीक होतात. ही तिसरी गोष्टच आपण करत नाही, आपण सगळ्यांना सारखं वाटप करतो, पंगतीत वाढल्यासारखं. पॉ ला वाढायचं तर अ आणि फि च्या पानातलं काढावं लागतं. सुरुवातीचा अ जेमतेम ऐकू आला पाहिजे, "अहो" मधला घाईतला अ असतो तितकाच. फि तर इतका बारीक की अमेरिकन माणूस "फ" म्हणतो.

ज्यांना तबल्याचा कान आहे त्यांना एक युक्ती सांगतो, मला यानेच जमलं. बोटांनी टेबलावर ति-धा-ति-ता वाजवा, धा दणकून आणि बाकी नखाने. मग त्यावर अ-पॉ-फि-लाइट बसवा. दहा-बारा वेळा झालं की टेबल सोडून द्या, जोर जागेवर राहतो. शेवटच्या लाइटवर थोडंसं वजन असतं, ता इतकं, धा इतकं नाही.

मग पूर्ण नाव: फ्लो-र-पॉऽ-फि-लाइट, के. पुढे डबा जोडला तरी जोर पॉ वरून हलत नाही कारण आपण मोजतोच उजवीकडून. फ्लो ला छोटासा दुय्यम जोर मिळतो, बास. फ्लोर ऐवजी कोणी फ्लु-अर म्हणतं तेव्हा एक सिलॅबल वाढतं, तेही ठीकच.

आपल्याच मातीतल्या नावांवर हात साफ करा

महाराष्ट्रात राहून ही प्रॅक्टिस करणं म्हणजे समुद्रकाठी राहून पोहायला शिकणं. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये ज्या पोकळ्या आहेत त्यात ही खनिजं वाढली आणि पुणे, नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद) या पट्ट्यातल्या खाणींचे नमुने जगभरच्या म्युझियममध्ये आहेत. पुण्याच्या पाषाण टेकडीतला हिरवा अपॉफिलाइट तर संग्राहकांत दंतकथा आहे, तो हिरवा रंग त्यात किंचितसं व्हॅनेडियम असतं म्हणून. सिन्नरला गारगोटी नावाचं खनिजांचं म्युझियम आहे, तिथे पाट्या वाचत फिरा, एका दुपारात पन्नास नावं तोंडाखालून जातील. वेरूळ-अजिंठ्याला क्रिस्टल विकणाऱ्या पोरांकडेही हीच खनिजं असतात, फक्त तिथे सगळ्याचं नाव क्रिस्टल.

आता यातली काही नावं त्याच पद्धतीने सोलू. सगळी नाही, ज्यात काहीतरी खोच आहे तीच.

झिओलाइट हे कुटुंबाचं नाव, ग्रीक झीन म्हणजे उकळणं आणि लिथॉस म्हणजे दगड, स्वीडनच्या क्रॉनस्टेट यांनी १७५६ साली दिलेलं, तापवल्यावर दगडातून उकळल्यासारखं पाणी येतं म्हणून. तोंडात झीऽ-अ-लाइट, जोर पहिल्यावर, उजवीकडून तिसरा तोच येतो. अपॉफिलाइट मात्र झिओलाइट नाही बरं का, नुसता शेजारी आहे, एकाच पोकळीत सापडतो म्हणून लोक त्याला त्याच घरातला समजतात.

इथेच एक मोठी फसगत आहे. झिओलाइट मधलं "लाइट" म्हणजे लिथॉस, दगड. अपॉफिलाइट मधलं "लाइट" म्हणजे दगड नाही, तो ल पानाचा आहे आणि आइट प्रत्यय. पॉवेलाइट मधला ल तर चक्क माणसाचा, जॉन वेस्ली पॉवेल या अमेरिकन भूवैज्ञानिकाच्या आडनावातला. ऐकायला तिन्ही सारखे. म्हणून शेवटी लाइट ऐकू आलं की लगेच "लिथॉस!" म्हणून उड्या मारायच्या नाहीत, आधी ल कोणाचा ते विचारायचं. गायरोलाइट मध्ये लिथॉस आहे, गायरॉस म्हणजे गोल, गोल गोळ्यांसारखा वाढतो. नॅट्रोलाइट मध्येही आहे.

कॅव्हन्साइट, पुण्याजवळच्या वाघोलीचा. निळाभोर, इतका निळा की फोटो बघून लोकांना वाटतं रंग दिलाय. हा आधी अमेरिकेत ओरेगॉनला सापडला पण जगाला त्याचे खरे देखणे नमुने दिले ते वाघोलीच्या खाणींनी. याच्या नावात ग्रीक शोधत बसाल तर जन्म जाईल, कारण ते अंनिस सारखं आहे, आद्याक्षरांचं. कॅल्शियमचं कॅ, व्हॅनेडियमचं व्हॅन, सिलिकेटचं सि आणि शेवटी प्रत्यय. अर्थाने कॅ | व्हॅन | सि | आइट, पण तोंडात कॅऽ-वन-साइट. तीनच सिलॅबल, आणि जोर पहिल्यावर. "कावनसाईट" म्हणणारे खाणीवरचे लोक मला भेटलेत आणि मला ते म्हणायला हरकत नाही, त्यांनी तो स्वतः छिन्नीने काढलेला असतो.

त्याचा जुळा भाऊ पेंटॅगोनाइट, रासायनिक रचना तीच, मांडणी वेगळी. स्फटिक जुळून पाच कोनी ताऱ्यासारखे दिसतात म्हणून पेंटॅगॉनवरून नाव. इथे जोराची गंमत बघा. पेंटॅगॉन म्हणताना जोर पें वर. शेपूट लागलं की पें-टॅऽ-ग-नाइट, जोर सरकून टॅ वर, कारण उजवीकडून तिसरा आता तो आहे. फोटोग्राफ आणि फोटॉग्राफर मध्ये जे होतं तेच.

स्कोलेसाइट, पांढऱ्या सुयांचे झुपके. ग्रीक स्कोलेक्स म्हणजे किडा, अळी. फुंकनळीच्या ज्योतीत धरला की अळीसारखा वळवळतो म्हणून. स्कॉऽ-ल-साइट. मधला ले अगदी पुसट करायचा.

ह्यूलँडाइट स्पेलिंगप्रमाणे वाचायला गेलं की "हेउलँडाईट" होतं आणि तोंड वाकडं होतं, पण हा एका माणसाचा दगड आहे, जॉन हेन्री ह्यूलंड हे लंडनचे खनिजांचे व्यापारी, म्हणून ह्यूऽ-लन-डाइट. माणसाच्या नावावरून असेल तर आधी त्या माणसाची हाक कशी मारत होते ते शोधायचं, स्पेलिंग नंतर. ओकेनाइट, तो कापसाच्या बोंडासारखा पांढरा गोळा, जर्मन निसर्गतज्ज्ञ ओकेन यांचा, ओऽ-क-नाइट. (ओकेनाइटला हात लावू नका, केस दबले की परत उभे राहत नाहीत. हे उच्चाराशी संबंधित नाही पण सांगितलंच पाहिजे.)

स्टिल्बाइट मध्ये दोनच सिलॅबल, उजवीकडून तिसरा नाहीच, मग पहिल्यावर जोर देऊन मोकळं व्हायचं, स्टिऽल्-बाइट. ग्रीकमध्ये चमकणं. कॅबझाइटचं स्पेलिंग सीएच ने सुरू होतं आणि आपण "चाबाझाईट" करतो, तो च नाही क आहे, केमिस्ट्री मधला क. कॅऽ-ब-झाइट.

नियम मोडणारेही आहेत, नाहीतर मजा काय. लॅब्राडोराइट चार सिलॅबलचा, नियमाने जोर ब्र वर यायला हवा, पण येतो पहिल्या लॅ वर, कारण कॅनडातल्या लॅब्राडोर या जागेचं नाव लोकांच्या तोंडात इतकं बसलेलं की शेपूट लावल्यावरही ते हललं नाही. गावांची आणि माणसांची नावं हट्टी असतात. आपल्या पुण्याच्या नावाचाही दगड होता एके काळी, पूनालाइट, इंग्रजांच्या पूना वरून. पुढे तो वेगळा काही नसून आधीच माहीत असलेला झिओलाइट निघाला आणि नाव बाद झालं. पुणेकरांना हे सांगताना मला वेगळाच आनंद होतो.

आणि ज्याला खरंच जीभ ताणायची आहे त्याच्यासाठी क्लिनॉप्टिलोलाइट. कोळंबीच्या तळ्यात, पोल्ट्रीत अमोनिया शोषायला "झिओलाइट पावडर" म्हणून पोत्यात जे विकतात त्यात बऱ्याचदा हाच असतो. दुकानदार झिओलाइट म्हणून सुटतो, पण पोत्यावर हे छापलेलं असतं आणि शेतकरी मला विचारतात हे काय लिहिलंय. क्लिनो म्हणजे कललेलं, प्टिलॉन म्हणजे पिसं, लव, आणि लिथॉस. तोडायचा क्लिनो | प्टिलो | लाइट. पण मराठीच काय इंग्रजी तोंडालाही शब्दाच्या मधे "प्टि" ने सुरुवात करायला जमत नाही, म्हणून प मागे जातो: क्लाय-नॉप्-टिऽ-ल-लाइट. हेलिकॉप्टरमध्ये पण हेच झालंय, मूळ हेलिको आणि प्टर, म्हणजे वळणारा पंख, आणि आपण मस्त हेलि-कॉप्टर म्हणतो. इथला ल दोनदा येतो, एक पिसाचा आणि एक दगडाचा. जोर टि वर, उजवीकडून तिसरा, नियम पाळून.

लेबल वाचताना होणारा एक गोंधळ

जुन्या कलेक्शनमध्ये एकाच खाणीच्या एकाच दगडाला तीन वेगळी नावं दिसली तर घाबरू नका. १९७८ मध्ये अपॉफिलाइटची फोड करून फ्लोरीनवाला आणि हायड्रॉक्सिलवाला अशी नावं आली. २००८ ला ती बदलून अपॉफिलाइट-(केएफ), अपॉफिलाइट-(केओएच) अशी केली, म्हणजे सगळं ओझं कंसात. मग २०१३ मध्ये परत फिरून फ्लोरअपॉफिलाइट-(के). नुसतं अपॉफिलाइट हे आता गटाचं नाव. आपल्या महाराष्ट्रातले बहुतेक नमुने फ्लोरवालेच. लेबलवर कुठलं नाव आहे त्यावरून ते कधी लिहिलं असेल त्याचा अंदाज बांधता येतो, हा एक फुकटचा फायदा.

झिओलाइटांच्या शेपटीला मात्र कंस नसतो, नुसती आडवी रेघ, स्टिल्बाइट-सीए, ह्यूलँडाइट-सीए, म्हणजे कॅल्शियमवाला. एकाला कंस का आणि दुसऱ्याला का नाही, तर वेगवेगळ्या समित्यांनी वेगवेगळ्या वेळी ठरवलं, सोसायटीच्या पार्किंगचे नियम ठरतात तसं. बोलताना दोन्ही सारखंच, थोडं थांबून अक्षरं म्हणायची.

या सगळ्याच्या आधी या दगडाला अजून एक नाव मिळालं होतं, इक्थिऑफ्थॅल्माइट, डी आंद्रादा नावाच्या खनिजतज्ज्ञाने १८०० च्या सुमाराला दिलेलं, हेच पुढे ब्राझीलच्या स्वातंत्र्यात पुढारी झाले. इक्थिस म्हणजे मासा, ऑफ्थॅल्मॉस म्हणजे डोळा. अपॉफिलाइटचा खांब आडवा फोडला की सपाट सुटतो आणि त्या सपाटीवर मोत्यासारखी ओलसर चमक दिसते, ताज्या पापलेटच्या डोळ्यासारखी. आपल्याकडे हे नाव ठेवायची वेळ आली असती तर कोणीतरी पटकन मीनाक्षी म्हणून मोकळं झालं असतं, तीन सिलॅबल, जोराची भानगड नाही.

जाता जाता एक गृहपाठ: हायड्रॉक्सिअपॉफिलाइट-(के). उजवीकडून सोडवा, के, आइट, फिल, अपो, आणि राहिला हायड्रॉक्सि, म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजनची जोडी. मग अर्थ बाजूला ठेवून हनुवटीखाली हात: हाय-ड्रॉक्-सि-अ-पॉऽ-फि-लाइट. सात. सि आणि अ मधे दम घ्यायचा मोह होतो, तिथे घेऊ नका, के च्या आधी घ्या.